पाच भाकरीवालीचं कार्ड

चित्र मोबाईलवर आलं तेव्हा मी सांबार निवडत होते. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही इडलीपाशी जाल. हात ओले, चष्मा डोक्यावर. सून म्हणाली, "आई, अमरावतीच्या ग्रुपवर पाहा काय मजा चालली आहे." मी चष्मा खाली ओढला, पाहिलं, आणि खरं सांगते, सकाळचा चहा नरड्याशी आला.

जुनं पोस्टकार्ड होतं. त्यावर छापील रंगीत चित्र. एक काळीकुट्ट बाई, धान्याच्या कणगीएवढी, हिरवं नऊवारी नेसून पाटावर मांडी ठोकून बसलेली. समोर भाकरींची चळत, तिच्या डोक्याच्याही वर गेलेली. बाजूला काडीसारखा नवरा, टोपी तिरपी, घामाने निथळत आणखी एक टोपलं वाहून आणतो आहे. खाली छापलेलं: 'लग्न केलं, कोठार गेलं!' आणि त्याच्या खाली निळ्या शाईत, डाव्या हाताने लिहिल्यासारखं वेडंवाकडं: 'भाऊजी, सांबाळा. आमची आक्का पाच भाकरी लपून खाते. टोपल्याले कुलूप लावा. एक हितचिंतक.'

लिहिल्यासारखं कशाला म्हणू? डाव्या हातानेच लिहिलेलं होतं. तो डावा हात माझा.

आक्का माझी सख्खी मोठी बहीण. आम्ही अकोल्याचे माळी, फुलं आणि भाजी पिकवणारे. तिला अमरावतीला दिली, तिकडेही मळाच. भाटवे, म्हणजे आक्काचे मालक, जाऊन दहा-बारा वर्षं झाली. येत्या रविवारी आक्काच्या एक्क्याऐंशीचा सोहळा होता, एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळायचं होतं. तिच्या मुलाची मुलगी, पुण्याला कंपनीत असलेली आमची नात, तिने सगळा कार्यक्रम अंगावर घेतला होता. तिला भाटव्यांच्या लोखंडी पेटीत जुन्या कार्डांचा गठ्ठा सापडला. हॉल याच कार्डांनी सजवायचा असं तिने ठरवलं. जुन्या काळचा विनोद म्हणे. लोकांना लई आवडतो म्हणे.

चित्राखाली तिने लिहिलं होतं, 'ओळखा पाहू, हा हितचिंतक कोण? बरोबर उत्तराला बक्षीस! आणि हेच कार्ड आपला सेल्फी पॉइंट!' खाली हसून हसून रडणारी पिवळी तोंडं, रांगेने. एका भाच्याने लिहिलं होतं, 'आजी तेव्हापासूनच खवय्यी!'

मी मोबाईल पालथा घातला.

"काय झालं, आई?" सून म्हणाली.

"काही नाही. जुडी सडकी निघाली."

ही कार्डं कुठून यायची ते सांगते. अकोल्याच्या जुन्या बाजारात एक कटलरीचं दुकान होतं. टिकल्या, रिबिनी, आरसे, आणि दुकानाच्या तोंडावर आडव्या दोन दोऱ्या, त्यांना चिमट्यांनी लावलेली कार्डं. एका दोरीवर सिनेमातल्या नट्या. फोटो काळा-पांढरा आणि गालावर नंतर चढवलेला गुलाबी रंग. ओठांचा लाल तर कधी कधी ओठाबाहेर सांडलेला असायचा. ही कार्डं कोणी कोणाला पाठवत नसे. पोरी ती विकत घेऊन पत्र्याच्या डब्यात ठेवत आणि दुपारी काढून बघत बसत. माझ्याकडे तीन होती.

दुसऱ्या दोरीवर गमतीची कार्डं. जाडी बायको आणि काडीपैलवान नवरा, हे तर ठरलेलंच. सासूचं नाक पोपटाचं. मास्तराचं धोतर सुटलेलं. टकला, तिरळा, बहिरा, कोणी सुटत नसे. आणि भाजीवाली हटकून असायची, डोक्यावर टोपली, गालात तंबाखू, गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेलेली. एका दोरीवर सगळ्या गोऱ्या, दुसरीवर सगळ्या काळ्या. गोरी डब्यात ठेवायची, काळी पोस्टात टाकायची. कोणी शिकवलं नव्हतं, पण आम्ही सगळ्या तसंच करत होतो.

माझी आई रोज त्या दुकानासमोरून टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जायची. आणि मी, तिची मुलगी, ते भाजीवालीचं कार्ड पाहून पोट धरून हसायचे. आईच्या मागे उभी राहून हसले आहे मी. आज ते आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

आता दोऱ्या गेल्या, दुकान गेलं. सुनेच्या मोबाईलवर रोज सकाळी येतात ना विनोद, तीच जाडी बायको, तोच बिचारा नवरा, फक्त लाटणं जाऊन हातात क्रेडिट कार्ड आलं. वीट येतो. शिळ्या कढीला रोज नवा ऊत.

आमच्याकडे शिमग्याला निनावी कार्डं पाठवत. तोंडावर जे बोलता येत नाही ते कार्डावर लिहायचं, होळी ते रंगपंचमी सगळं माफ. त्यात साळीने, म्हणजे मेहुणीने, भाटव्याची थट्टा करणं हा तर हक्क. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहायचं, खाली 'हितचिंतक' लिहायचं. कार्ड उघडं. म्हणून आधी पोस्टमन वाचणार, मग ओट्यावर बसलेले वाचणार, मग घरातले, आणि ज्याच्या नावाचं तो सगळ्यांत शेवटी. मजा म्हणतात ती त्यातच होती.

आक्काच्या लग्नानंतरचा पहिला शिमगा. ती सतरा वर्षांची, मी तेरा. मी ते कार्ड घेतलं, कडब्याच्या गंजीमागे बसून लिहिलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं. तेरा वर्षांची होते, अक्कल नव्हती, असं म्हणून सुटता येतं. पुष्कळदा सुटलेही.

आणि पाच भाकरींचं खरं काय? आक्का आमच्या घरात सगळ्यांत जास्त राबायची. निंदण, पाणी वळवणं, फुलं तोडणं, सगळं तीच. पण जेवायला आधी बाप्ये बसत. मग ती पदराखाली दोन-तीन भाकरी घेऊन त्याच गंजीमागे जायची, सोबत पानात बांधलेला ठेचा. तिथे आधीच कोण येऊन बसलेलं असायचं? मी. लपवून खायचो आम्ही दोघी. कार्डावर मात्र ती एकटी गेली.

पुढे सासरी तिला 'पाच भाकरीवाली' म्हणतात असं ऐकलं. मला वाटलं, लाडाने म्हणतात. पहिल्या दिवाळीला मी बाबांसोबत तिला आणायला गेले, तर तिच्या गालाची हाडं वर आलेली. भाकरीचं टोपलं आढ्याच्या शिंक्यात, इतकं उंच की स्टूल लागावं. मी तिच्या सासूला विचारलं, "एवढं वर काहून टांगलं?" ती म्हणाली, "मांजर लय झालं वं." मी मांजर शोधत मागच्या अंगणात गेले. मांजर दिसलं नाही. तरी मी पुढे काही विचारलं नाही.

तर मी नातीला फोन लावला.

"पोरी, ते एक कार्ड लावू नको."

"कोणतं, भाकरीवालं? अगं मावसआजी, तेच तर सगळ्यात भारी आहे! बोर्ड छापून आला पण."

"आक्काले नाही आवडणार."

"तिला सरप्राइज आहे. काही सांगायचं नाही हं तिला!"

तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई, ते मी लिहिलं आहे आणि मला त्याची लाज वाटते. जीभ उचलली नाही. साठाहून जास्त वर्षं गिळून ठेवलेलं फोनवर कसं ओकायचं?

रविवारी घरचे सगळे आठ वाजता गाडीने निघणार होते. मी पहाटेच्या रेल्वेने एकटीच निघाले. आक्काची वेणी घालायची आहे, असं सांगितलं. खोटं. मूर्तिजापूरला चहावाला खिडकीशी आला, घेतला नाही. बडनेऱ्याला उतरून ऑटो केला.

हॉलच्या दारात, रांगोळीच्या पुढे, माणसाहून उंच लाकडी बोर्ड उभा होता. तेच चित्र. काळी बाई आता खऱ्या बाईपेक्षा मोठी झालेली, माझं डाव्या हाताचं अक्षर वीत-वीतभर. आणि त्या बाईच्या तोंडाच्या जागी गोल भोक पाडलेलं. मागून जाऊन त्या भोकात तोंड घालायचं आणि समोरून कोणीतरी फोटो काढायचा. कोणाचा तरी जावई तोंड घालून गाल फुगवत होता. त्याची बायको, स्वतः चांगली अंगाने भरलेली, हसता हसता खाली बसली होती. मी रांगोळीवरून न जाता कडेकडेने आत गेले.

"मावसआजी! ये ना, तुझा काढू फोटो," नात धावत आली. गोड पोरगी आहे, मला पाहिलं की गळ्यात पडते. "आजी आली की पहिला मान तिचा. ती भोकात तोंड घालेल आणि बाबा समोरून भाकरी भरवतील. मस्त व्हिडिओ होईल."

घड्याळात साडेनऊ. आक्का अकराला येणार. मी पोरीचा दंड धरून तिला खुर्च्यांच्या थप्पीमागे नेलं.

"खरं कार्ड कुठे आहे?"

तिने पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड जपून काढलं. "बघ ना, काय सुंदर पिवळं पडलंय. मागची बाजू तर बघच. असं जुनंपण मुद्दाम करतो म्हटलं तरी येत नाही."

मी पालथं केलं. भाटव्यांचा पत्ता अर्धा उडालेला. त्यावर सुकलेला तपकिरी थर, आणि थरात अडकलेले चुन्याचे पोपडे. कडांना काजळी. मी नखाने खरवडलं. ज्वारीच्या पिठाची खळ होती. हे कार्ड भिंतीला चिकटवलेलं होतं. आणि काजळी होती म्हणजे चुलीजवळच्या भिंतीला.

शिंक्यातलं टोपलं आठवलं. मांजर लय झालं वं.

"हे मी लिहिलं आहे," मी म्हटलं.

नात टाळ्या पिटत नाचलीच. "तू? ओ गॉड, मावसआजी, तू हितचिंतक! बक्षीस तुलाच!"

"ऐक तर खरं. ते काढ आधी. त्या कार्डापायी आक्काले..."

"आजी आली! लवकर आली!" बाहेरून ओरडा झाला आणि पोरगी हातातून निसटली.

आक्का गाडीतून उतरली. एवढीशी झाली आहे ती आता, जांभळ्या लुगड्यात गुंडाळून ठेवल्यासारखी. काठी टेकत दारापर्यंत आली आणि बोर्डापुढे थांबली. तिला वाचता येतं, सावकाश. ओठ हलवत तिने सगळं वाचलं. चाळीस-पन्नास माणसं मोबाईल वर धरून उभी. तिचा मुलगा, साठीला टेकलेला, हातात चतकोर भाकरी घेऊन तयार.

"आजी, तोंड घाला! आजी, तोंड घाला!"

तिने त्या भोकाकडे पाहिलं, मग लोकांकडे. "कुठून घालू?" ती म्हणाली.

सगळ्यांचं मन राखायचं, ही तिची जन्माची खोड. काठी उचलून ती बोर्डाच्या मागे वळलीसुद्धा.

"नोको, आक्का!" मी ओरडले. माझा आवाज मलाच फाटका वाटला. "त्यात तोंड नोको घालू. हे कार्ड मी लिहिलं. शिमग्याले. मी लिहिलं."

नात ओरडली, "बरोब्बर उत्तर!" आणि टाळ्या. शिट्ट्या. कोणीतरी पाठ थोपटली. माझ्या हातात एक खोका आला, कोणीतरी उघडूनही दिला. आत चहाचा मोठा कप, त्यावर तीच बाई, तीच चळत. जे कबूल करायला मला सारा जन्म लागला, त्याचं मला बक्षीस मिळालं. किळस म्हणजे काय, हे मला कोणी विचारलं तर मी त्या टाळ्या सांगेन.

आक्का माझ्याजवळ आली. "मले माईत होतं वं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पोस्टमननं वाचलं तवापासून. गंजीमागची गोठ दुसऱ्या कोनाले ठाव होती?"

"मंग बोलली काहून नाही?"

"बोलून भाकर भेटली असती?"

जवळचे चार लोक हसायचे थांबले. नात म्हणाली, "आजी, म्हणजे काय?"

आक्काने सांगितलं. बाजारभाव सांगावा तसं. "म्हनजे काय, काही नाही. बुढीनं, माह्या सासूनं, ते टोपल्याखालच्या भिंतीले चिकटवलं. टोपलं शिंक्यावर. दोन काढून देये, तिसरी नाही. मागितली की कार्डाकडे बोट दाखवे. माहेरचं कोनी आलं की वरून क्यालेंडर लावे." तिने भाकरी धरलेल्या मुलाकडे हनुवटी केली. "हा पोटात होता तवाबी दोनच. मंग मी मयात मुये उपटू अन् खाऊ. पदरानं पुसून. तुमी म्हनता ना, आजीचा नवस हाय म्हनून मुया खात नाही? नवस कायचा. वास आला की ते दिवस येते तोंडात."

"आणि भाटवे?" मी विचारलं.

"मानूस चांगला होता. पन हसे." ती काठीवर रेलली. "बुढी गेल्यावर चुना देताना त्यानंच ते काढलं. मले वाटलं, जाळलं."

जाळलं नव्हतं. पेटीत जपून ठेवलं होतं, गमतीचं म्हणून. चांगला माणूस होता, माझ्या लेकरांना खांद्यावर घेऊन मळाभर हिंडायचा. त्याचाही मला त्या घटकेला वीट आला.

आक्काच्या मुलाने चतकोर भाकरी कुठे ठेवावी हे न कळून खिशात घातली. मग दुसऱ्या एकाच्या मदतीने त्याने बोर्ड उचलला आणि मागे, भांडी घासतात तिकडे नेऊन टाकला. पुढे मी हात धुवायला गेले तेव्हा भांडेवाल्या बायांनी त्यावर ओली फडकी वाळत घातली होती.

एक्क्याऐंशी दिवे लागले, ओवाळणं झालं, फोटोही निघाले. नात सगळं करत होती, पण डोळे लाल. तिचं काय चुकलं म्हणा. तिला दुकानातल्या त्या दोन दोऱ्या कोणी दाखवल्या होत्या?

पंगतीत मी आक्काला वाढायला उभी राहिले. पानात मुळ्याची कोशिंबीर होती, ती मी आधी उचलली. पहिली पोळी झाली, दुसरी झाली. तिसरी घेऊन मी वाकले, तर तिचा हात पानावर आडवा आला. बोटं पसरलेली, तळहात खाली. तो हात मी साठ वर्षं पाहिला आहे. माझ्या सुनांना मी तोच हात दाखवून सांगत आले, आक्काचं पाहा, दोन म्हणजे दोन, जिभेवर ताबा असावा तर असा.

"आक्का, घे ना वं एक."

"नोको. आता जात नाही."

निघताना नातीने ते कार्ड माझ्या हातात दिलं. "मावसआजी, तूच जाळ हे."

"येत्या होळीत टाकते," मी म्हटलं.

"जाळू नोको," आक्का खुर्चीतून म्हणाली.

"मंग काय करू?"

"तुह्या घरी लाव. माह्या डोयासमोर लय वर्सं होतं. आता तुह्या राहू दे." रागाने नाही म्हणाली. शेजारणीची वाटी परत करावी तसं म्हणाली, आणि कोणाशी तरी दुसरं बोलायला लागली.

मी लावलं. अकोल्याच्या स्वयंपाकघरात, ओट्याशी, पोळ्यांच्या डब्याच्या वर. खळ शिजवूनच लावलं. रोज सकाळी कणीक मळताना समोर येतं. त्या बक्षिसाच्या कपात मोरीवरचे साबणाचे तुकडे ठेवते. सून पहिल्या दिवशी म्हणाली, "आई, येणाऱ्या-जाणाऱ्यांना काय वाटेल?"

काल शेजारीण विरजण मागायला आली. वाटी पुढे करता करता तिची नजर भिंतीवर गेली आणि ती खळखळून हसली. "अगोबाई, काकू, किती गमतीचं! कुठे मिळालं हो?"

मी तिचं हसून होऊ दिलं. मग स्टूल पुढे सरकवलं.

"बस," मी म्हटलं. "सांगते."